भाड्याच्या गाळ्यात आपले यंत्र : सर्व्हर बसविण्याची पूर्वतयारी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात चांदवड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल की, हा विषय मुंबई-पुण्याच्या इंजिनिअर मंडळींचा. चांदवडच्या पालकांना आणि मुलांना त्याचे काय? शंका रास्त आहे. परंतु थोडा विचार करून पाहा. बाजार समितीत कांदा विकून आलेल्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा संदेश येतो. सातबाराचा उतारा, दहावीचा निकाल, मनमाडहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट, सारे त्याच मोबाईलवर दिसते. हे येते कोठून? 'क्लाउड'मधून, असे सांगतात. क्लाउड म्हणजे ढग. पण हा ढग आकाशात नसतो. तो लोखंडी कपाटांत, कडेकोट बंदोबस्ताच्या इमारतींत, विजेवर चालणाऱ्या यंत्रांत असतो. त्या यंत्रांना सर्व्हर म्हणतात आणि त्या इमारतींना डेटा सेंटर.

अशा मोठमोठ्या इमारती आपल्याच राज्यात आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे ऐरोली, रबाळे, महापे या भागांत, त्या एकापाठोपाठ एक उभ्या राहिल्या. पनवेल येथे 'योट्टा' या कंपनीचे केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झाले. त्यात ७,२०० रॅक मावतील असे त्या वेळी जाहीर करण्यात आले होते. या पट्ट्यालाच ही पसंती का? एक तर समुद्रतळावरून परदेशांना जोडणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला, विशेषतः वर्सोव्याला, लागतात. दुसरे, तेथे औद्योगिक वसाहतीची भरवशाची वीज आहे. आणि तिसरे, बँका, शेअर बाजार व मोठ्या कंपन्यांची कार्यालये जवळ आहेत. आपल्या मुंबई-आग्रा महामार्गाने रात्री बसमध्ये बसलेला माणूस सकाळी तेथे पोहोचतो. तेव्हा हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही.

आता 'कोलोकेशन' हा शब्द समजून घेऊ. आपल्याकडील बाजार समितीचे उदाहरण घ्या. समितीचे आवार असते, रस्ता असतो, वजनकाटा असतो, पहारेकरी असतो. व्यापारी तेथे गाळा घेतो. गाळा समितीचा; पण गाळ्यातील माल, मापारी आणि खतावणी व्यापाऱ्याची. कोलोकेशनचे अगदी असेच आहे. डेटा सेंटरवाला जागा देतो, वीज देतो, थंड हवा देतो, पहारा देतो आणि इंटरनेटच्या तारा दारापर्यंत आणून देतो. यंत्र मात्र आपले, त्यातील माहिती आपली आणि तिची जबाबदारीही आपलीच.

कोणी म्हणेल, यंत्र आपले आहे तर आपल्याच कचेरीत का ठेवू नये? ठेवता येते, पण वीज गेली की काय? १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे व नवी मुंबई या भागांचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला. लोकल गाड्या वाटेतच थांबल्या. अशा दिवसासाठीच डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांची रांग असते. त्या बॅटऱ्या काही मिनिटे भार पेलतात आणि तेवढ्या अवधीत डिझेलचे जनरेटर सुरू होतात. एवढा खर्च एकट्यादुकट्या कंपनीला परवडत नाही. म्हणून अनेकजण एका छपराखाली येतात.

आज मला जे सांगावयाचे आहे ते या इमारतीच्या थाटाविषयी नाही, तेथे जाण्याआधीच्या तयारीविषयी आहे. यंत्र कपाटात बसविण्याचे काम एका रात्रीचे असते. त्याची तयारी मात्र तीन-चार आठवडे चालते, आणि ती मोठ्या पदवीपेक्षा मोजमाप, साधे गणित आणि नीटनेटकी नोंद यांवर अवलंबून असते. आमच्या शाळेतून दहावी झालेला एक विद्यार्थी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून नवी मुंबईत एका ठेकेदाराकडे हेच काम करतो. ईदला गावी आला की आपली वही तो मला दाखवितो. आज मी जे सांगणार आहे, त्यातील बरेचसे त्या वहीतले आहे.

पहिली गोष्ट मोजमापाची. सर्व्हर ज्या कपाटात बसतो त्याला रॅक म्हणतात. त्याची पुढची पट्टी जगभर १९ इंच रुंदीची असते. हे माप टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून चालत आले आहे. उंची 'यू' या एककात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. नेहमीच्या रॅकमध्ये ४२ यू असतात. विद्यार्थी मित्रांनो, गुणाकार करा : ४२ गुणिले १.७५ म्हणजे ७३.५ इंच, अर्थात सहा फूट दीड इंच. गाळा घेतला म्हणजे पुष्कळदा पूर्ण रॅक मिळत नाही. अर्धा किंवा पाव रॅक भाड्याने मिळतो. तेव्हा प्रत्येक यंत्र किती यू उंच आहे, किती खोल आहे, त्याच्या मागे तारांना वळण घेण्यास किती जागा लागेल आणि एवढे करून रॅकचे दार लागेल की नाही, हे कागदावर आधीच मांडावे लागते. त्यासाठी रॅकचे चित्र काढून, ४२ ओळी आखून, कोणत्या ओळीत काय बसणार हे लिहितात. जड यंत्र खाली, हलके वर. नाही तर कपाट पुढे कलंडण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट विजेची. येथे शाळेतल्या विज्ञानापलीकडे काही लागत नाही. समजा, डेटा सेंटरने आपल्याला २३० व्होल्ट, १६ अँपिअरची लाइन दिली. सोयीसाठी पॉवर फॅक्टर एक धरू. २३० गुणिले १६ म्हणजे ३,६८० वॉट. परंतु लाइनवर सतत पूर्ण भार टाकीत नाहीत. ८० टक्क्यांपर्यंतच टाकण्याचा रिवाज आहे. म्हणजे २,९४४ वॉट. आता सर्व्हरच्या मागील पट्टीवर ७५० वॉट लिहिलेले आहे. त्या आकड्याने भागिले तर जेमतेम तीन यंत्रे बसतात. पण पट्टीवरचा आकडा हा त्या पॉवर सप्लायची कमाल क्षमता असतो, प्रत्यक्ष खप नव्हे. हुशार माणूस यंत्र आधी आपल्या कचेरीत पूर्ण भाराने चालवितो, मीटर लावून खप मोजतो आणि लिहून ठेवतो. तो ४०० वॉट निघाला, तर त्याच लाइनीवर सात यंत्रे बसतात. भाडे तेवढेच, पण मोजणाऱ्याने दुपटीहून अधिक काम करून घेतले.

यात एक खोच आहे, ती नीट ध्यानात घ्या. चांगल्या सर्व्हरला विजेच्या दोन पिना असतात आणि रॅकमध्येही दोन स्वतंत्र लाइनी येतात. एकीला 'ए' म्हणतात, दुसरीला 'बी'. एक बंद पडली तर दुसरीने काम सांभाळावे, हा हेतू. मग काहीजण म्हणतात, दोन लाइनी आहेत, तर दुप्पट यंत्रे बसवू! तसे केले तर ज्या दिवशी 'ए' बंद पडेल त्या दिवशी सगळा भार एकट्या 'बी'वर येईल आणि तिचाही ब्रेकर पडेल. म्हणजे दोन्ही लाइनी असून अंधार. सबब, सर्व यंत्रांचा मिळून भार एकाच लाइनीला पेलेल इतकाच ठेवावयाचा. दुसरी लाइन संकटासाठी राखीव समजावयाची.

तिसरी गोष्ट उष्णतेची, आणि ही कांदा पिकविणाऱ्या तालुक्याला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. सर्व्हरने जितकी वीज घेतली, तितकी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. सात यंत्रांचे २,८०० वॉट म्हणजे एअर कंडिशनरच्या हिशेबाने सुमारे पाऊण टनाहून थोडे जास्त. आपल्याकडे कांद्याची चाळ जमिनीपासून उंच का बांधतात? खालून वारा शिरावा, ढिगातून वर जावा आणि कांदा सडू नये म्हणून. डेटा सेंटरमध्येही रॅकच्या रांगा अशा मांडतात की एका गल्लीत थंड हवा सोडावी, ती यंत्राच्या तोंडातून आत जावी आणि गरम होऊन पाठीमागच्या गल्लीत निघावी. एक फरक मात्र आहे. चाळीत वारा खेळावा म्हणून आपण फटी ठेवतो. येथे वारा यंत्रातूनच जावा म्हणून रॅकमधील रिकाम्या फटी पट्ट्या लावून बुजवितात. फट उघडी राहिली तर मागची गरम हवा फिरून पुढे येते आणि यंत्र तीच पुन्हा ओढते. म्हणून आपले यंत्र हवा कोणत्या बाजूने घेते व कोणत्या बाजूने टाकते, हे घरीच पाहून ठेवावे. सर्व यंत्रांची तोंडे एका दिशेला आली पाहिजेत.

चौथी गोष्ट घरच्या परीक्षेची. नवे यंत्र खोक्यातून काढले आणि थेट डेटा सेंटरला नेले, असे जाणता माणूस करीत नाही. तो ते आधी काही दिवस कचेरीत सतत चालू ठेवतो. जे बिघडावयाचे असेल ते येथेच बिघडू द्यावे. मेमरी तपासावी, डिस्क तपासाव्यात, एक पिन काढून यंत्र दुसऱ्या पिनेवर चालते का पाहावे. वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होते का, हेही पाहावे. कारण तेथे बटण दाबावयास आपला माणूस बसलेला नसतो. चांगल्या सर्व्हरला एक वेगळे नेटवर्कचे भोक असते. यंत्र बंद पडले असले तरी, त्याला वीज मिळत असेल तोवर, त्या वाटेने ते दुरून चालू करता येते, त्याचा पडदा पाहता येतो. त्याचा पत्ता व पासवर्ड घरीच बसवून, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलून, कागदावर नोंदवून मगच यंत्र हलवावे.

पाचवी गोष्ट कागदपत्रांची. डेटा सेंटरच्या दारात ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणाला आत सोडीत नाहीत. कोण येणार, कधी येणार, किती वाजता जाणार, हे आधी कळवावे लागते. आणावयाच्या प्रत्येक वस्तूचा मालाचा पास लागतो आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहावा लागतो. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या गटाला एकदा काय अनुभव आला, तो सांगतो. शनिवारची रात्र कामासाठी ठरली होती. सोमवारी सकाळी ग्राहकाचे काम नव्या यंत्रावर सुरू व्हावयाचे होते. चार यंत्रे दारात आली. तीन आत गेली. चौथ्याच्या अनुक्रमांकात शून्य होते आणि पासावर कोणी तरी इंग्रजी 'ओ' टाइप केला होता. पहारेकऱ्याने यंत्र अडविले. त्याचे काहीच चुकले नाही. त्याचे कामच ते. दुरुस्त पास देणारा अधिकारी रात्री नव्हता. चौथे यंत्र दारातच राहिले, सोमवारचा मुहूर्त टळला आणि सारे काम एक आठवडा पुढे गेले. लाखो रुपयांच्या यंत्रांत काही दोष नव्हता. दोष एका अक्षराचा होता. तेव्हापासून हा मुलगा अनुक्रमांक हाताने उतरवीत नाही. पट्टीचा फोटो घेतो, वाचतो आणि दुसऱ्याकडून ताडून घेतो.

सहावी गोष्ट पिशवीची. आत गेल्यावर बाजार नसतो. जे विसरले ते विसरले. त्याच्या वहीतील यादी अशी आहे : स्क्रू-ड्रायव्हर, यंत्र सरकविण्याच्या पट्ट्या, रॅकच्या चौकोनी भोकांत बसणारे नट आणि स्क्रू थोडे जास्तीचे, विजेच्या दोरी दोन लांबींच्या, नेटवर्कच्या तारा दोन रंगांच्या, तारा बांधण्याच्या कापडी पट्ट्या, नावे छापलेली लेबले, एक जादा डिस्क, मनगटाला बांधावयाची स्थिर विजेची पट्टी, टॉर्च, आणि कानात घालावयाचे बोळे, कारण हजारो पंख्यांचा आवाज फार असतो. पुठ्ठ्याची खोकी बाहेरच उघडावीत. आत पुठ्ठा नेऊ देत नाहीत, त्याचा भुसा उडतो आणि आगीचे भय असते. पाणी व खाणे बाहेरच ठेवावे. आग विझविण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी वायूची असते. धोक्याची घंटा झाली की हातातले काम टाकून बाहेर पडावयाचे, हे आधी समजून घ्यावे.

एवढी तयारी असली म्हणजे मुख्य काम सोपे. दोघांनी मिळून यंत्र उचलावे. एकट्याने धाडस करू नये. एक दोरी 'ए'ला, दुसरी 'बी'ला. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना लेबल. सारे सुरू झाले की एक लाइन मुद्दाम काढून पाहावी, मग ती जोडून दुसरी काढावी. शेवटी इमारतीबाहेर येऊन, मोबाईलच्या इंटरनेटवरून यंत्रापर्यंत पोहोचता येते का हे तपासावे. तेथून घरी निघावयाची परवानगी हीच एक परीक्षा देते. रॅकचे पुढून-मागून फोटो घ्यावेत आणि सुरुवातीला काढलेला नकाशा प्रत्यक्षाशी जुळवून दुरुस्त करावा.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. गाळा पक्का आहे म्हणून माल सुरक्षित आहे, असे समजू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे 'ओव्हीएच' या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि त्यातील एक इमारत जळून गेली. ज्यांनी माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवली होती, ते पुन्हा उभे राहिले. ज्यांनी ती ठेवली नव्हती, त्यांतील पुष्कळांची माहिती कायमची गेली. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावी, हा नियम तयारीच्या यादीत अगदी पहिल्या ओळीत लिहावा.

आता पालकांना दोन शब्द. हे काम करणारी माणसे कोण असतात? संगणकाचे इंजिनिअर असतातच. पण त्यांच्याबरोबर इलेक्ट्रिशियन लागतो, एअर कंडिशनिंगचा मेकॅनिक लागतो, जनरेटर सांभाळणारा लागतो, तारा ओढणारा आणि नोंदी ठेवणारा लागतो. आयटीआयमध्ये दहावीनंतर इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग, माहिती तंत्रज्ञान यंत्रणांची देखभाल हे दोन-दोन वर्षांचे कोर्स आहेत. तीन वर्षांचे डिप्लोमा आहेत. मी खोटी आशा दाखविणार नाही. सुरुवातीला काम बहुधा ठेकेदाराकडे मिळते, रात्रपाळी असते, नवी मुंबईत खोलीचे भाडे जाचते. परंतु हात शिकलेला असला की माणूस पुढे सरकतो. नववीतून मुलाला काढून गॅरेजवर किंवा हॉटेलात लावले, तर हाती येणारी रोजची रक्कम दिसते. जी वाट बंद झाली ती दिसत नाही. दहावी होऊ द्या. आणि मुलींच्याही बाबतीत सांगतो, मोजणे, ताडणे, दुरून यंत्रावर लक्ष ठेवणे या कामांत मुलगा-मुलगी हा भेद करण्याचे काहीच कारण नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गृहपाठ देतो. महिनाभर रोज एका ठरावीक वेळी घरच्या विजेच्या मीटरचे आकडे वहीत लिहा. शेजारी तारीख लिहा, वजाबाकी करून रोजचा खप काढा आणि महिनाअखेरीस बिलाशी ताडून पाहा. जेथे फरक पडेल तेथे कारण शोधा. शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' यांत गल्लत होऊ देऊ नका. ज्याची वही तीस दिवस खाडा न होता पूर्ण होईल, त्याने ती मला शाळेत आणून दाखवावी. त्याला पुढे काय शिकावयाचे हे मी त्याच्या अब्बा-अम्मींबरोबर बसून बोलेन.